वरच्या बिजागरीतली रुई

टॉवेलच्या कारखान्यातला ऑफिसचा जिना लोखंडी होता. त्यावरून कुणी उतरलं की आवाज खाली तपासणीच्या टेबलापर्यंत यायचा. त्या बुधवारी जेवणाची सुट्टी संपत आली होती. जिना वाजला म्हणून मी वर पाहिलं, तर राजमणी उतरत होती. माझी बायको.

कामगार त्या जिन्यावर दोनदाच चढायचा, कामावर लागताना आणि कामावरून काढताना. राजमणीला लागून नऊ वर्षं झाली होती. मी हातातला टॉवेल तसाच धरून थांबलो. ती माझ्या टेबलापासून चार हातांवरून गेली. पदर नाकातोंडावर बांधलेला होता. कापसाची रुई आत जाऊ नये म्हणून सगळ्याच बायका तसा बांधायच्या. डोळे तेवढे दिसत होते, आणि ते तिने माझ्याकडे वळवले नाहीत.

"लिंबाद्री, राजक्का वर कशाला गेली होती रे?" पलीकडच्या टेबलावरून सुंदराबाईने विचारलं.

"मला काय माहीत?"

"बायको तुझी ना?"

"आहे की. म्हणून काय झालं?"

सुंदराबाई कोरे आमच्या समोरच राहायची, नीलम नगरात. तिचं दार आणि आमचं दार यांच्यामध्ये नळ होता. ती आणि राजमणी एकमेकींच्या घरात विचारल्याशिवाय जायच्या. तिने पुन्हा टॉवेल उजेडात धरला.

घरी आल्यावर मी राजमणीला विचारलं. आम्ही घरात तेलुगू बोलतो, इथे मराठीत लिहितोय.

"वर कशाला गेली होतीस?"

"बोलावलं होतं."

"कुणी?"

"कुलथे साहेबांनी." कुलथे म्हणजे आमचे मॅनेजर.

"काय म्हणाले?"

"कामाचंच. हात पुसून या, ताटाला डाग लावू नका."

माझी बोटं दिवसभर कार्बनने निळी असायची. टॉवेल बघायचा, डाग किंवा सुटलेला धागा असेल तर बाजूला टाकायचा आणि पावती लिहायची, हे माझं काम. अक्षर चांगलं म्हणून मला ते मिळालं होतं. मी हात धुऊन आलो तोवर ती वाढून मोरीत भांडी घासायला बसली होती. पाठ माझ्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी तिला मागच्या हॉलातून काढलं आणि सॅम्पलरूममध्ये बसवलं. सॅम्पलरूम म्हणजे ऑफिसला लागून असलेली खोली. तिथे पंखा होता, खिडकी होती. परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायचे टॉवेल घडी करून ठेवायचे, एवढंच काम. त्या जागेसाठी बायका वर्षानुवर्षं मुकादमाच्या मागे लागायच्या. राजमणीने कधी मागितली नव्हती.

आता तेव्हा आमच्यावर काय वेळ होती ते सांगायला हवं.

मागच्या हॉलात टॉवेलाच्या कडा शिवायच्या बेचाळीस मशिनी होत्या. सगळ्या बायका. आत जायला एक पुढचं दार आणि मागे अंगणात उघडणारं एक लोखंडी दार. टॉवेल चोरीला जातात म्हणून लोखंडी दाराला दोन वर्षांपासून कुलूप होतं. आदल्या दिवाळीआधी एका मशिनीच्या मोटारीजवळ रुई पेटली. दहा मिनिटांत विझली. पण धूर झाला तशा सगळ्या बायका पुढच्या दाराकडे धावल्या आणि चेंगराचेंगरीत नरसव्वा नावाच्या पोरीचा हात मोडला. तो पुन्हा सरळ झाला नाही. आम्ही मालकाकडे गेलो, दार उघडं ठेवा म्हणालो. कुलूप बदलून मोठं लावलं. लेबर ऑफिसात अर्ज दिला, तो तिथेच राहिला.

राजमणीची मशीन शेवटची, लोखंडी दाराला चिकटून. आग लागली तर सगळ्यांत शेवटी बाहेर येणार ती. माझ्यापुरता एवढाच प्रश्न होता.

युनियनचे दस्तगीरभाई यांनी वाट काढली. सायकलच्या दुकानावर त्यांची एक खोली होती, तिथे त्यांनी आम्हा सात जणांना बसवलं आणि समजावलं. आमचा बहुतेक माल ज्या देशात जायचा त्या देशाशी आपल्या सरकारने व्यापाराचा करार केला होता. आपल्या टॉवेलावर तिथे जकात लागायची नाही. पण करारात एक प्रकरण कामगारांचं होतं. कामगारांना कोंडून काम करून घ्यायचं नाही, युनियन केली म्हणून त्रास द्यायचा नाही. तसं होत असेल तर तिकडच्या एका कचेरीत तक्रार करता येते. दोन्ही सरकारांची माणसं येऊन बघतात. खरं निघालं तर मालकाची सवलत जाते.

भीमाशंकर जमादार आमच्यातला सगळ्यांत तापट. तो मागावर होता. तो म्हणाला, "काय बे, गोऱ्यांना आपला पुळका कशाला? ते काय आपले पाव्हणे आहेत?"

"पुळका नाही," दस्तगीरभाई म्हणाले. "तिथल्या कामगारांना भीती आहे, इथे माणसं कोंडून काढलेला स्वस्त माल तिथे आला तर त्यांचे कारखाने बसतील. त्यांचा स्वार्थ आणि आपला जीव एका कागदावर आलाय, एवढंच. तो कागद आपण वापरायचा का नाही, ते बोला."

आम्ही हो म्हणालो. तक्रारीत नावं लागतात, पण ती बंद पाकिटात राहतील, कंपनीला कळणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. "लिंबाद्री, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. नावं आणि टोकन नंबर साफ लिहून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावर, हाताशी होता त्या कागदावर मी यादी लिहिली. सात नावं, सात नंबर. घडी करून बनियनच्या आत ठेवली आणि सुटल्यावर दस्तगीरभाईंना नेऊन दिली. कुणाला दाखवली नाही. घरात राजमणीला मात्र सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "माझंही नाव घाला." मी म्हणालो, घरातून एक पुरे.

दोन महिन्यांनी दिल्लीहून कंपनीला पत्र आलं की पाहणीला माणसं येणार. त्याच आठवड्यात सोमवारी भीमाशंकरला मागावरून काढून बॉयलरवर कोळसा ओढायला लावलं. बुधवारी राजमणी जिना उतरली. शुक्रवारी सुंदराबाईला तपासणीवरून काढून धुलाईत टाकलं. तिथे ब्लिचिंगच्या पाण्यात दिवसभर हात असायचे. पुढच्या चार दिवसांत आणखी चौघांच्या बदल्या झाल्या.

सातांपैकी सहा हलले. मी माझ्या टेबलावर होतो.

त्या दिवसांत मी काय काय केलं ते लिहायला लाज वाटते. राजमणी स्वयंपाक करत असताना मी तिची पिशवी उघडून बघितली. सुपारीची डबी, रुमाल, टोकन. ती नळावर गेली की दारामागून बघायचो कुणाशी बोलते. एका रविवारी ती मार्कंडेयाच्या देवळात जाते म्हणून निघाली तर मी मागे गेलो. ती देवळातच गेली. खांबाला टेकून पाऊण तास नुसती बसली आणि परत आली. मी त्यातूनही अर्थ काढला. जिच्या मनात काही नाही ती इतका वेळ कशाला बसेल?

मग आमच्या पाळीतल्या माणसांनी सांगितलं की पाहणीवाल्यांपुढे बोलायला कंपनीने पाच बायका निवडल्यात, आणि त्यांत पहिलं नाव राजमणीचं आहे.

दस्तगीरभाईंनी पुन्हा खोलीवर बोलावलं. रविवारची दुपार होती. खाली सायकलच्या रिंगा ठोकल्याचा आवाज येत होता. सुंदराबाईने हात मांडीवर उलटे ठेवले होते. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलली होती.

"नावं सातच माणसांना माहीत," भीमाशंकर म्हणाला. "सहा जणांना मार बसला. एकाला नाही."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

"माझं नाव घेतोस?" मी म्हणालो.

"मी कुठे नाव घेतलं? तूच घेतलंस."

"लिंबाद्री," सुंदराबाई हळू आवाजात म्हणाली, "राजक्का वर गेली, त्याच्यानंतर दोन दिवसांनी माझी बदली झाली. मी काही म्हणत नाही. तू विचारलंस का तिला?"

माझी नोकरी शाबूत होती आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्या क्षणी मला एकच गोष्ट हवी होती, या लोकांच्या नजरा माझ्यावरून उठाव्यात. मी म्हणालो, "गेलं असेल तर माझ्या घरातून गेलं असेल. माझ्या तोंडातून नाही. थांबा, तिलाच आणतो."

घर जवळच होतं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, चल. कुठे, का, तिने विचारलं नाही. सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि माझ्या मागे आली.

खोलीत तिला कुणी बस म्हटलं नाही. ती भिंतीपाशी उभी राहिली. मी सगळ्यांसमोर विचारलं, "कुलथेला नावं तू सांगितलीस का?"

तिने एकेकाकडे पाहिलं. सुंदराबाईच्या हातांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळली. माझ्या तोंडाकडे बघेल असं वाटलं होतं, पण ती माझ्या निळ्या बोटांकडे बघत होती.

"हो," ती म्हणाली.

"काय हो?" भीमाशंकर उठला.

"मीच सांगितली. यांना काही माहीत नाही."

सुंदराबाईच्या तोंडून आवाज निघाला, मार लागल्यावर निघतो तसा. "राजक्का, माझं नाव घेताना तुझी जीभ कशी वळली ग?"

दस्तगीरभाई मला म्हणाले, तिला घरी ने. मी म्हणालो, तिची ती जाईल. ती जिना उतरून गेली. मला त्या वेळी वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. सुटलो असं वाटलं.

त्यानंतर मी तिच्याशी बोलणं टाकलं. डबा नेत नव्हतो, कँटीनमध्ये जेवायचो. नळावर सुंदराबाई आली की राजमणीची घागर बाजूला ढकलली जायची. राजमणी ती उचलून रांगेच्या शेवटी ठेवायची.

पाहणीवाले आले. सरकारी विश्रामगृहात एकेकाला बोलावून विचारायचं ठरलं होतं, कंपनीच्या माणसांपुढे बोलावं लागू नये म्हणून. परदेशातल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, दिल्लीचे एक अधिकारी आणि पुण्याहून आलेली दुभाषी. कंपनीच्या पाच बायका जीपमधून आल्या. राजमणी पुढच्या सीटवर बसली होती, नवं पातळ नेसून. आम्ही सात जण लांब कडुलिंबाखाली उभे होतो. ती आत गेली ती अर्ध्या तासाने बाहेर आली. बाकीच्या चौघी पाच-पाच मिनिटांत आटपल्या.

"पढवलेलं लांबलचक असेल," भीमाशंकर म्हणाला आणि थुंकला.

माझी पाळी आली तेव्हा मी आत गेलो. टेबलाच्या कडेला आमच्याच कारखान्याचे टॉवेल घडी करून ठेवलेले होते. न्हाणीघरातही तेच टांगलेले दिसत होते. कंपनीने पाठवले असणार. मला वाटलं, झालं, हेही विकले गेले. दुभाषी मी बोलतो तेच सांगते कशावरून? आणि इथे बोललेलं संध्याकाळी कुलथेच्या टेबलावर जाणार नाही कशावरून?

"मागचं दार बंद असतं का?" दुभाषीने विचारलं.

मी दीड वर्ष या प्रश्नाची वाट बघितली होती. मी म्हणालो, "कधी कधी."

"कुलूप असतं?"

"मी तपासणीवर असतो. मला तिथलं नीट दिसत नाही."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मी नमस्कार करून बाहेर आलो. भीमाशंकरने विचारलं, सांगितलंस ना? मी म्हणालो, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात आले. लोखंडी दाराला हिरवा रंग दिला होता, तेल घातलं होतं, कुलूप गायब होतं. दार एका बोटाने उघडत होतं. मालक स्वतः उघडझाप करून दाखवत होते. आम्ही लांबून बघत होतो. संपलं असं वाटलं. तेवढ्यात त्या बाईंनी स्टूल मागवलं. अंगणात जाऊन दाराच्या बाहेरून ठेवलं, त्यावर चढल्या आणि वरच्या बिजागरीच्या मागे पेनाने काहीतरी खरवडून छोट्या पिशवीत घेतलं. फोटो काढला. मालक हसत होते, त्यांचं हसू हळूहळू कमी झालं.

"काय बघितलं ग म्हातारीने?" बायका एकमेकींना विचारत होत्या.

"रंग ओला आहे का बघितलं असेल."

तीन महिन्यांनी निकाल आला. काय होतं ते दस्तगीरभाईंनी थोडक्यात सांगितलं: दार बंद असायचं हे सिद्ध झालं, सहा महिन्यांत सुधारणा नाही तर सवलत बंद. तपशील गुप्त होता, कोण काय बोललं ते कळलं नाही. दोन आठवड्यांत लोखंडी दाराला आतून आडवी दांडी बसली. दांडी ढकलली की दार उघडणार, बाहेरून बंद करताच येणार नाही. बदल्या रद्द झाल्या. भीमाशंकरने तोवर नोकरी सोडून रिक्षा घेतली होती. सुंदराबाईचे हात भरून आले, पण तपासणीचं बारीक काम तिला जमेना. ती घरी विड्या वळायला लागली.

राजमणी सॅम्पलरूम सोडून मागच्या हॉलात परत गेली, शेवटच्या मशिनीवर. लोक म्हणाले, काम झालं, कंपनीने फेकून दिली.

सहा महिन्यांनी मी तिच्याशी बोललो. ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, "झालं ते झालं. मी मनातून काढून टाकलंय. तुला माफ केलं."

तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. "बरं," ती म्हणाली.

अकरा वर्षं आम्ही त्यानंतर संसार केला. चांगला केला. मुलीचं लग्न केलं. कधी भांडण झालं आणि मी हरायला लागलो, की म्हणायचो, "मी तेवढं पोटात घातलं, दुसरा असता तर घराबाहेर काढली असती." की ती गप्प व्हायची. गल्लीतही मी दोन-चार ठिकाणी बोलून दाखवलं होतं. लोक म्हणायचे, लिंबाद्री मोठ्या मनाचा. मलाही तसंच वाटायचं.

चार महिन्यांपूर्वी ती काविळीने गेली. आठ दिवसांत गेली. सुंदराबाईचं दार त्या दिवशी बंद होतं. ते मी समजू शकत होतो.

बाराव्या दिवशी दुपारी कुलथे आले. नोकरी सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. हातात काठी, पिशवीत डझनभर केळी. मी त्यांना आत घेतलं, पण मनात पहिला विचार हाच आला, याला आता काय हवंय? कुठली केस निघाली? कशावर सही?

ते खुर्चीत बसले. पाणी प्यायले. "फार धीराची बाई होती तुमची," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत नसेल तर कुणाला असेल? त्या पावतीच्या वेळी मी बघितलं ना."

"कुठली पावती?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "तुम्हाला तिने सांगितलं नाही?"

"साहेब, सरळ बोला. तुमचं काय काम आहे इथे?"

"काही काम नाही हो. वय झालं, पेपरात तिचं नाव वाचलं, यावंसं वाटलं." त्यांनी काठी आडवी ठेवली. "तुमच्या पावतीबुकात वरची पांढरी पावती पॅकिंगला जायची. कार्बनखालची गुलाबी बुकात राहायची. ते बुक संध्याकाळी माझ्याकडे यायचं. बरोबर?"

"हो."

"महिनाअखेर मी गुलाबी पावत्या काढल्या, तर एकीवर टॉवेलाचा नंबर नाही, डागाचा हिशेब नाही. नुसती सात नावं आणि टोकन. तुमचं अक्षर. मला काही कळेना. ड्रॉवरमध्ये टाकली. मग दिल्लीचं पत्र आलं, त्यात 'सात कामगार' असं होतं. तेव्हा ड्रॉवर उघडला."

मला माझं टेबल दिसत होतं. उजव्या हाताला बुक. त्यात कार्बन कायमचा घातलेला. दिवसाला दोनशे पावत्या मी तशाच लिहायचो. त्या दुपारीही पांढरा कागद पुढे होता, मी लिहिलं, फाडला, घडी केली. खालचा कागद मी बघितला नाही, कारण तो मी कधीच बघत नसे.

"खोटं," मी म्हणालो.

"असू दे खोटं," कुलथे म्हणाले. "तुमच्या बायकोला मी वर बोलावलं. पावती दाखवली. म्हटलं, तुझ्या नवऱ्याला मी काढणार नाही. ही पावती फक्त नोटीस बोर्डावर लावणार. त्याचं अक्षर सगळे ओळखतात. बाकीचे सहा जण त्याचं काय करायचं ते करतील. ती म्हणाली, लावू नका. मी म्हटलं, मग सॅम्पलरूममध्ये बस आणि पाहणीवाल्यांपुढे आमच्या बाजूने बोल. ती म्हणाली, बोलते. मला मालकाने सांगितलेलं काम होतं ते. मी काही चांगला माणूस होतो असं म्हणत नाही."

"आणि ती बोलली तुमच्या बाजूने."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून ती विश्रामगृहातून आली त्या संध्याकाळी मी पावती तिला परत दिली. शब्द दिला होता. तिने माझ्यासमोर तोंडात घातली, चावली आणि गिळली. पाणीसुद्धा मागितलं नाही." त्यांनी काठी जवळ ओढली. "निकाल आला तेव्हा कंपनीकडे आलेली इंग्रजी प्रत मी वाचली. त्यात होतं की एका कामगार बाईने सांगितलं, दार उद्या उघडं दिसेल, रंगवलेलंही दिसेल, तुम्ही बाहेरून वरची बिजागरी बघा. रोज उघडणाऱ्या दाराच्या बिजागरीत दोन वर्षांची रुई साचून दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखी बसेल का? हे त्या हॉलातल्या शेवटच्या मशिनीवर बसणाऱ्या बाईशिवाय कुणाला सुचणार? रंगारी तर तिथपर्यंत पोचलाच नव्हता."

"मग तुम्ही मालकाला सांगितलं नाही?"

"पावती मीच परत दिली होती. सांगितलं असतं तर आधी मी गेलो असतो."

ते उठले. दारात म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही दोघं यावर हसत असाल."

ते गेल्यावर मी बराच वेळ त्यांच्या बोलण्यात खोट शोधत होतो. म्हातारा कशाला आला? काय मिळालं त्याला? केळी तशीच पडली होती. मग मी एक गोष्ट केली. मुलीची जुनी वही घेतली आणि तिच्यात ती सात नावं लिहिली. लिहून झाल्यावर माझा हात आपोआप कागद फाडायला गेला, आणि फाडताना डावा हात खालचं पान दाबून धरत होता, कार्बन सरकू नये म्हणून. नोकरी सुटून सहा वर्षं झालीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ ओलांडून सुंदराबाईच्या दारात गेलो. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. बोटं वाकडी झालीत, तरी चालतात. मी उभ्याने सगळं सांगितलं. ती वळत राहिली. पावती गिळल्याचं सांगितलं तेव्हा बोटं थांबली.

"तिला कधी विचारलंस," ती म्हणाली, "का सांगितलंस म्हणून?"

"नाही."

"अकरा वर्षांत?"

"मी तिला माफ केलं होतं."

सुंदराबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "तिच्या घागरीला मी पायाने ढकललं रे. पायाने." तिने डोळे पुसले नाहीत. "मला एकटीला सांगून सुटू नकोस. तिला जिथे उभी केलीस तिथे जाऊन सांग."

दस्तगीरभाई आता नाहीत. खोली त्यांच्या मुलाकडे आहे, सामान भरलेली. त्याने रविवारी दुपारी उघडून दिली. सातांपैकी पाच जण आले. भीमाशंकर रिक्षा खाली लावून, खाकी शर्टातच वर आला. सुंदराबाई तेव्हा बसली होती तिथेच बसली. मला कुणीतरी स्टूल दिलं. मी बसलो नाही. भिंतीपाशी, राजमणी उभी होती तिथे उभा राहिलो.

"कशाला बोलावलंस बे?" भीमाशंकर म्हणाला. "आता काय राहिलंय?"

"कुलथेला नावं कुणी दिली, ते सांगायला."

"ते तर तुझी बायको..."

"मी," मी म्हणालो. "नावं मी दिली."

खाली रिंग ठोकायचा आवाज थांबला होता. पावती, कार्बन, विश्रामगृहात मी म्हणालो होतो ते 'कधी कधी', सगळं मी सांगितलं. भीमाशंकर उठून माझ्यासमोर आला. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझा उजवा हात धरून उलटा केला आणि बोटं बघितली. आता ती स्वच्छ आहेत.

"तिला हे माहीत होतं?"

"हो."

"इथे उभी होती तेव्हा?"

"हो."

त्याने माझा हात सोडला. मग सुंदराबाई, भीमाशंकर, बाकीचे, कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या शेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होते.